आधी शेक

मांजर व्याली की पिल्लांना सात घरं फिरवते, असं आमच्या कोकणात म्हणतात. सात हा आकडा कुणी मोजून काढलेला नाही, पण फिरवते हे खरं. आज माळ्यावरच्या गोणपाटात, परवा लाकडांच्या खोपीत, पुढच्या आठवड्यात न्हाणीघरामागच्या आडव्या पडलेल्या हंड्यात. दुधाचा आणि पिल्लांचा वास एका जागी साठला की बोका माग काढत येतो, आणि परक्या बोक्याने पिल्लं मारल्याची गोष्ट इथल्या जवळजवळ प्रत्येक घराकडे असते. पिसवा होतात. पागोळ्यांचं पाणी आत यायला लागतं. घरातली पोरं सारखी डोकावत राहतात. यातलं काहीही झालं की भाटी एकेक पिल्लू मानेच्या कातडीला धरून उचलते आणि निघते. चार पिल्लं असतील तर चार खेपा. दोन खेपांच्या मधे जी मागे उरतात ती तेवढा वेळ एकटी असतात, ओरडत असतात. नेमकं तेव्हा कुणी तिथून गेलं की त्याला वाटतं, आईने टाकली.

म्हणून कुणी मला पिल्लं दिसल्याचं सांगायला आलं की मी आधी विचारते, कशी आहेत? कोरडी आहेत का, पोट गोल आहे का, एकमेकांच्या अंगावर गप्प झोपली आहेत का? तसं असेल तर त्यांची आई आहे. ती पोट भरायला गेली आहे, कारण चार तोंडांना पाजणाऱ्या जिवाला स्वतःलाही भरपूर लागतं. अशा वेळी लांब राहायचं, गर्दी हटवायची आणि थांबायचं. शंका असेल तर पिल्लांपासून हातभर अंतरावर तांदळाच्या पिठाचा पातळ थर पसरून ठेवायचा. नंतर पाहिल्यावर त्यात पावलं उमटलेली दिसली की ती येऊन गेली. माणसाचा हात लागला म्हणून मांजर पिल्लं सोडते, असा समज आहे. माझ्या पाहण्यात तरी मांजरी हाताच्या वासाने पिल्लं टाकत नाहीत. सतत माणसं भोवती असली तर जवळ यायला मात्र घाबरतात. या थांबण्याला फार बळ लागतं. समोर एवढासा जीव ओरडतो आहे आणि आपण हात मागे बांधून उभं राहायचं, हे चांगल्या मनाच्या माणसाला सर्वांत कठीण. पण चांगल्या मनाने उचलून नेलेल्या पिल्लांच्या आया मी रात्रभर त्या जागेभोवती हाका मारत फिरताना ऐकल्या आहेत. त्या हाकेचा आवाज वेगळा असतो, खोल आणि घोगरा, आणि तो एकदा ऐकला की विसरता येत नाही.

आईने मानेला धरलं की पिल्लू मागचे पाय गोळा करतं, शेपूट पोटाशी घेतं आणि लोंबतं राहतं. जराही धडपडत नाही. दक्षिणेतल्या श्रीवैष्णव आचार्यांनी यावरूनच मार्जारन्याय सांगितला. माकडाचं पिल्लू आईला आपल्या हातांनी घट्ट धरतं, मांजराच्या पिल्लाला आई धरते. भक्ताने कुठल्या वाटेने जावं यावर तिथे दोन पंथ झाले, वडकलै माकडाच्या बाजूचे आणि तेन्कलै मांजराच्या. रामकृष्ण परमहंसही मांजराच्या पिल्लाचा दाखला देत असत: त्याला फक्त हाक मारता येते, आई त्याला कधी चुलीजवळ ठेवील, कधी राखेत, कधी बिछान्यावर. हा दृष्टान्त मला फार जवळचा वाटतो, पण त्यात मी नेहमी एका ठिकाणी अडते. पिल्लाने सगळा भार सोपवला. ज्याच्यावर सोपवला तोच नसेल तर? हाक चालू आहे, शरीर सैल सोडून दिलेलं आहे, आणि धरायला कुणी येत नाही. त्या जागी कुणी उभं राहायचं हा प्रश्न मला तत्त्वज्ञानाचा वाटत नाही. तो आमच्या मासळी बाजाराच्या मागे पावसात भिजणाऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात दर वर्षी पडलेला असतो.

या खोक्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, ही समजूत आपल्याकडे घराघरात आहे. त्यामुळे मांजर मारायला कुणाचा हात उठत नाही, हे चांगलंच. पण त्याच समजुतीतून दुसरी वाट निघाली आहे. नको झालेली पिल्लं पोत्यात किंवा खोक्यात घालायची आणि लांब नेऊन सोडायची. नदीपलीकडे, देवळापाशी, बाजारात. ‘तिथे पोटाला मिळेल,’ असं म्हणून माणूस हलक्या मनाने घरी येतो. डोळे न उघडलेल्या पिल्लाला बाजारात काय मिळणार? त्याला दात नाहीत, दिसत नाही, ऐकू येत नाही, धड चालता येत नाही. दूध सोडून त्याच्या पोटात काही जाऊ शकत नाही आणि ते दूध ज्या आईकडे आहे ती मागे घरी पिल्लं शोधत फिरते आहे. काही तासांत ते थंडीने जातं. हात न लावता केलेली ही हत्या आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणं गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे. पण कायदा ठाऊक नसला तरी चालेल. खोक्याचं झाकण बंद करताना आतून येणारा आवाज सगळ्यांना ऐकू येतोच.

वाशिष्ठी नदीला पाणी चढलेलं होतं त्या दिवसांत मासे विकणाऱ्या ताई असा एक खोका घेऊन माझ्या पडवीत आल्या. डोक्यावर प्लास्टिक, खोका पदराखाली. ‘वहिनी, ही बघा, कोणी टाकलीन काय माहीत. बर्फाच्या पाटीजवळ होती.’ आत चार पिल्लं होती. दोन काळीपांढरी, एक तांबूस, एक भुरं. नाळेचे वाळलेले तुकडे अजून पोटाला होते, म्हणजे जन्माला फार दिवस झालेले नव्हते. नाळ साधारण चार-पाच दिवसांत गळते. कान डोक्याला चिकटलेले. सगळ्यांत लहान, भुरं, ओरडतही नव्हतं.

आपल्या मनात अशा वेळी पहिलं काय येतं? दूध. बशी, वाटी, बोळा, काहीही घ्या पण दूध पाजा. उपाशी असेल बिचारं. आपल्याकडे दया करणं म्हणजे पाजणं, खाऊ घालणं. त्या दिवशी आमच्या आळीतल्या न्हाऊ घालणाऱ्या मावशी पडवीत बसलेल्या होत्या. इथल्या कितीतरी घरांतली बाळं त्यांच्या पायांवर न्हालेली आहेत. त्यांनी खोक्यात वाकून पाहिलं, भुऱ्याच्या तोंडात करंगळीचं टोक घातलं आणि म्हणाल्या, ‘बाय गो, आधी शेक. तोंड आतून थंड लागतंय. थंड्या पोटात दूध ओतू नको, जिरायचं नाय.’

पशुवैद्यकाच्या पुस्तकात हेच लिहिलेलं आहे, आणि त्याचं कारणही. मांजराच्या नवजात पिल्लाला स्वतःच्या अंगात ऊब धरून ठेवता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला थंडीने कापताही येत नाही, आणि कापणं हा शरीराचा उष्णता निर्माण करण्याचा एक मार्ग आहे. आईचं अंग ३८-३९ अंश सेल्सिअस असतं. पिल्लू जन्मतः त्याहून दोन-तीन अंशांनी थंड, आणि आईचं पोट व भावंडांचा ढीग यांच्यामधे राहूनच ते तेवढं राहतं. अंगाची उष्णता ३४-३५ अंशांच्या खाली गेली की आतड्यांची हालचाल थांबत जाते, चोखण्याची ओढ जाते, हृदय मंदावतं. अशा पोटात गेलेलं दूध तसंच पडून आंबतं. ज्या दुधाने ते जगायचं त्यानेच मरतं. मावशींनी हे पुस्तकातून घेतलेलं नव्हतं. त्यांनी ते शेगडीजवळ बसून, ओव्याची धुरी देऊन, बाळंतिणीच्या खोलीचं दार लावून घेत घेत मिळवलेलं होतं.

शेक देणं म्हणजे एकदम तापवणं नव्हे. गरम पाण्यात बुडवणं, चुलीजवळ ठेवणं, हेअर ड्रायर लावणं, हे सगळं घातक. ऊब हळूहळू द्यायची, तासभर, लागला तर त्याहून जास्त वेळ. भुरं मी पदरात घेऊन कातडीला कातडी लागेल असं छातीशी धरलं. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात एदगार रे नावाच्या बालरोगतज्ज्ञाने काचेच्या पेट्या कमी पडत होत्या म्हणून अपुऱ्या वजनाची बाळं आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. आज आपल्याही रुग्णालयांत ‘कांगारू मदर केअर’ म्हणून ती पद्धत शिकवतात. त्या अंधाऱ्या दुपारी माझ्या गळ्याखाली ते पिल्लू हलत नव्हतं, आणि मग कधीतरी त्याचं नाक माझ्या गळ्याच्या खाचेत काहीतरी शोधायला लागलं. मावशी म्हणाल्या, ‘आता पाज.’

पहिल्या आठवड्यात पिल्लांभोवतीची हवा ३० ते ३२ अंश असावी लागते. आषाढातल्या कोकणात आपल्याला घाम फुटत असतो, तरी ओल्या हवेत त्यांना थंडी वाजते. शहरातली माणसं विजेवर तापणारी गादी वापरतात. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते ती किती वेळ जाईल सांगता येत नाही. म्हणून रबरी पिशवीत गरम पाणी, पिशवीला जाड पंचा गुंडाळलेला, आणि ती खोक्याच्या अर्ध्याच भागात. उरलेला अर्धा भाग मोकळा. हा अर्धा भाग महत्त्वाचा. फार तापलं की पिल्लू आंधळेपणीही सरपटत बाजूला जातं, गारठलं की परत येतं. तेवढी निवड त्याच्याकडे ठेवायची. पाणी निवत आलं की बदलायचं, मग ती रात्रीची कुठलीही वेळ असो.

पाजण्याचं म्हणाल तर त्याचंही एक शास्त्र आहे आणि त्यात आपला सगळा संस्कार उलटा पडतो. आपण बाळाला मांडीवर उताणं घेतो. पिल्लाला उताणं करून दूध पाजलं तर ते फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. आईजवळ ते पालथं, चारही पाय टेकून, मान किंचित वर करून पितं. तसंच ठेवायचं. बोळ्याने दूध पाजायची जुनी रीत आहे, पण बोळा पिळला की किती गेलं कळत नाही आणि धार एकदम येते. सुई काढलेली छोटी सिरिंज बरी, थेंब थेंब, पिल्लाच्या चोखण्याच्या गतीने. १०० ग्रॅमच्या पिल्लाला एका वेळी चारेक मिलिलीटर, पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी. गाईचं दूध चालत नाही. मांजरीच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात. गाईच्या दुधावर पिल्लं जुलाबांनी सुकतात. पिल्लांसाठीची दूधपावडर मिळते, ती आमच्या गावात नव्हती, पुण्याहून मागवावी लागली. तोवर जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं तसं शेळीच्या दुधात अंड्याचा बलक कालवून भागवलं.

आईजवळ असलेल्या पिल्लांचं एक वैशिष्ट्य मी पूर्वी दुसऱ्या एका भाटीजवळ बसून पाहिलं होतं. दोन-तीन दिवसांत प्रत्येकाची सडाची जागा ठरते. डोळे मिटलेले असूनही ती वासाने आपापल्या जागी जातात आणि भांडण संपतं. सिरिंजला जागा नसते. माझी चारही पिल्लं पिताना पुढच्या पंजांनी हवेत मळत राहायची. आईचं दूध उतरावं म्हणून पोट दाबायची ती हालचाल. मग मी डाव्या हाताची मूठ त्यांच्या पंजांखाली धरायला लागले. नखं अजून आत जात नसत, बारीक ओरखडे उठत. दुधात त्याने काही फरक पडत नव्हता. पण पंजांना दाबायला काहीतरी मिळालं की ती जास्त स्वस्थपणे पीत, हे मी खात्रीने सांगू शकते.

आणि मग जीभ. आई नसलेल्या पिल्लाची उणीव शोधायला बसलं तर दुधाच्याही आधी मी जिभेचं नाव घेईन. नवजात पिल्लाला आपणहून लघवी करता येत नाही, शी करता येत नाही. साधारण तीन आठवडे त्याला आईने चाटावं लागतं, तेव्हाच ते होतं. चाटलं नाही तर पोट फुगून पिल्लू मरतं, दूध कितीही उत्तम पाजलेलं असो. आणि आई ते सगळं गिळून टाकते, म्हणजे जागेला वास राहत नाही, बोक्याला माग लागत नाही. ही एक जीभ किती कामं करते! कोरडं करते, रक्ताभिसरण जागं करते, पिल्लाला पोटाकडे वळवते, झोपलेल्याला प्यायला उठवते. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी २०१८ साली मांजरांच्या जिभेवरच्या काट्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ते काटे टोकाशी पोकळ असतात, त्या पोकळीत लाळ चढते आणि केसांच्या मुळाशी कातडीपर्यंत पोचवली जाते. त्या जिभेच्या जागी माझ्याकडे कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापूस होता. प्रत्येक पाजण्याच्या आधी आणि नंतर, पोटाखाली, शेपटीखाली, हलक्या हाताने, एकाच लयीत. नंतर उरलेलं अंगही त्याच कापसाने डोक्यापासून शेपटीकडे पुसायचं. हे काम किळसवाणं वाटतं का, असं मला एकीने विचारलं. मला ते या सगळ्यातलं सर्वांत जवळिकीचं काम वाटतं. पाजताना पिल्लू दुधाशी गुंतलेलं असतं. पुसताना ते अंग सैल सोडतं, आणि दुसऱ्या आठवड्याच्या आतच त्या छातीतून बारीक घरघर उमटायला लागते.

घरात स्वयंपाकासाठीचा डिजिटल काटा होता, तो त्या पावसाळ्यात पिल्लांचा झाला. जन्मलेलं पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं, आंघोळीच्या साबणाच्या वडीएवढं. रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढलं पाहिजे. रोज एकाच वेळी, पाजण्याच्या आधी, वहीत लिहून. डोळ्यांना काही दिसायच्या आधी काटा सांगतो. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला शिकवलं. वजन करणं, श्वास मोजणं, ऊब देणं, आजार ओळखणं अशी ही कामं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचं नोंदवलेलं आहे. मोठं यंत्र नाही, इमारत नाही. काटा, कापड, लक्ष आणि शिकलेली बाई. माणसाचं बाळ आणि मांजराचं पिल्लू यांना मी एका पारड्यात घालत नाही. पण नवजात जिवाला लागणारी गोष्ट दोन्हीकडे तीच आहे, कुणीतरी रोज त्याच वेळी येऊन त्याच्याकडे नीट पाहणं, आणि या देशात ती सर्वांत सहज करता येण्याजोगी असूनही सर्वांत कमी मिळते.

भुऱ्याचा आकडा वाढला नाही. तिघांच्या रेघा वर चढत होत्या, याची एक ग्रॅम वर, एक खाली, मग दोन खाली. ते पीत होतं. उबदार होतं. डॉक्टरांनी तपासलं, सलाइनचे थेंब कातडीखाली दिले, आणि सांगितलं की काही पिल्लं आतून अपुरी असतात, शिवाय यांना आईचा चीक किती मिळाला होता कोण जाणे. चिकातून मिळणारं रोगाविरुद्धचं बळ पिल्लाच्या आतड्यांतून रक्तात जातं ते जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतच. एक दिवस उलटला की ती वाट बंद होते. मग जगातलं उत्तम दूधही ते देऊ शकत नाही. खोक्यात घालणाऱ्या हाताने नेमके कुठले तास हिरावून घेतले होते, हे कधी कळणार नव्हतं. शेवटच्या रात्री ते भावंडांपासून सरकून बाजूला जात होतं. मी पुन्हा पुन्हा मधे ठेवत होते. मग छातीशी घेतलं. पहाटेच्या आधी गेलं.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या तेव्हा त्यांनी सटवाईचं नाव घेतलं. सहाव्या रात्री ती येऊन कपाळावर लिहून जाते. आपण कोरा कागद आणि लेखणी ठेवतो. ‘तिने एवढंच लिहिलेलं,’ त्या म्हणाल्या. मला त्या वेळी बंगालातली षष्ठी आठवली. सटवाईचीच ती बहीण म्हणायची, मुलांना राखणारी देवी, आणि तिचं वाहन मांजर. तिथल्या व्रतकथेत घरातली धाकटी सून स्वतः चोरून खाते आणि आळ घरच्या मांजरीवर घालते. मग ती मांजर सुनेची बाळं एकामागून एक उचलून देवीकडे नेऊन ठेवते. सुनेने चूक कबूल करून मांजरीचा मान राखला तेव्हाच बाळं परत मिळतात. जिने मांजरीला पिल्लं तोंडात धरून घरोघर फिरवताना पाहिलं असेल अशाच कुण्या बाईने ही कथा प्रथम सांगितली असणार. मुलांच्या देवीला वाहन द्यायचं तर वाघ-सिंह सोडून तिला घरातली ही आई सुचली. लेखणीचं मला माहीत नाही. देवीखालच्या मांजरीवर माझा विश्वास आहे.

तिघं वाढली. बाळाचं बारसं होतं त्या सुमाराला मांजराच्या पिल्लांचे डोळे उघडतात, साधारण सात ते चौदा दिवसांत. आधी नाकाकडच्या कोपऱ्यात एक चीर पडते. दोन-तीन दिवस ती रुंदावत जाते आणि आतून धुरकट निळा रंग दिसतो. सगळ्यांचे डोळे आधी निळेच. घाई करायची नाही, पापण्या ओढायच्या नाहीत. तांबूसाचा एक डोळा चिकटला, तो कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून भिजवून डॉक्टरांच्या मलमाने मोकळा केला. तो डोळा स्वच्छ उघडला त्या सकाळी मला डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांची आठवण झाली. त्यांनी १९६० च्या दशकात मांजराच्या पिल्लांचा एक डोळा कोवळ्या आठवड्यांत बंद ठेवला आणि नंतर उघडला. डोळा निरोगी होता, पण मेंदू त्या डोळ्याने पाहायला शिकलाच नव्हता. ठरावीक काळात पाहायला मिळालं नाही तर पाहणं कायमचं हुकतं. १९८१ साली त्यांना नोबेल मिळालं. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळांची शस्त्रक्रिया लवकर करायची हे पुढे डॉक्टरांना जे उमगलं त्यात या पिल्लांचा मोठा वाटा आहे. आपल्या कितीतरी मुलांच्या दृष्टीमागे डोळे शिवलेली ती पिल्लं आहेत. आपण त्यांचे देणेकरी आहोत, असं मी मानते, आणि हे देणं फेडायला काही मोठं करावं लागत नाही.

चौथ्या आठवड्यानंतरचं सगळं भराभर होतं. दात येतात, वाळूचा खोका कळतो, उकडून काटे काढलेला मासा कळतो. तिघं एकत्र राहिली याचं मला समाधान आहे. पिल्लू एकटं वाढलं तर किती जोरात चावायचं ते त्याला कुणी सांगत नाही. भावंडाला चावलं की भावंड ओरडतं, खेळ बंद करतं, आणि ते धडे माणसाच्या हातून मिळत नाहीत.

घरं शोधताना माझी अट एक होती. पाच-सहा महिन्यांचं झालं की ऑपरेशन. भाटी चार-पाच महिन्यांचीच गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते, आणि पिल्लं पीत असतानाच पुन्हा गाभण राहते. खोके तिथून भरतात. एका घराने सगळं मान्य केलं, ऑपरेशन मात्र नको म्हणाले, निसर्गाच्या विरुद्ध आहे. पिल्लं पोत्यात घालून नदीपलीकडे सोडणं निसर्गाच्या कुठल्या नियमात बसतं, असं मी त्यांना विचारलं. त्यांना पिल्लू दिलं नाही. दोघी काळ्यापांढऱ्या बहिणी एकाच घरी गेल्या. तांबूस बोका मासेवाल्या ताईंनी नेला. ‘मीच आणलेला ना,’ म्हणाल्या.

त्यानंतर बाजारातल्या मांजरींवर ताईंचं लक्ष असतं. कुठली कुठल्या पाटीमागे झोपते, कुठली कुणाच्या हातून खाते, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. त्या मांजर टोपलीत घालून रिक्षात बसवतात, मी दवाखान्यात घेऊन जाते, टाके सुकेपर्यंत ती माझ्या पडवीत राहते. खर्चाला बाजारातल्या आणखी बायका आता थोडे थोडे पैसे देतात. बऱ्याच जणींची ऑपरेशनं झाली. एक करडी अजून हाती लागलेली नाही, आणि ताईंच्या मते ती गाभण आहे. तिने कुठे बस्तान मांडलं ते कळलं की तिथे कुणी फिरकायचं नाही, जागा हलवायची नाही आणि तिच्यासाठी रोज सकाळी मासा ठेवायचा, असं आम्ही ठरवलंय. पिल्लं खाती झाली की मग टोपली.